साताऱ्याचे सहा महिने, सांगलीचं वर्ष

अक्काचा डावा डोळा पुण्यात काढला, तेव्हाच तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की डोळ्यातला हा कॅन्सर पुढं कधीही लिव्हरमध्ये उगवू शकतो, पोटावर लक्ष ठेवा. किती दिवसांनी, यावर मात्र आमच्याकडे दोन मतं निघाली. मी राहते त्या साताऱ्यातले डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. सांगलीत विश्रामबागचे म्हणाले, वर्षातनं एकदा पुरे. दोघंही भली माणसं, पण माझं डोकं फिरलं. आजार एक आणि जिल्हा बदलला की नियम दुसरा!

"तुमच्या साताऱ्यात लिव्हर येगळं असतंय व्हय गं?" अक्का हसून म्हणाली. तिचा नवा, काचेचा डोळा हसत नसे. त्याची मला कधीच सवय झाली नाही.

तासगावजवळ अक्का-दाजींची द्राक्षबाग. सहा महिन्यांनी जायचं म्हटलं, की एक तपासणी एप्रिलच्या छाटणीत यायची आणि दुसरी ऑक्टोबरच्या. ऐन छाटणीत मजुरांचं चहापाणी सोडून घरची बाई साताऱ्याला कशी जाणार? दाजी म्हणाले, "सांगलीचा डाक्टर काय येडा हाय? वर्सानं जाऊ की. छाटणी उरकू दे." मी फोनवर भांडले, रुसले. पहिल्या वर्षीची सोनोग्राफी स्वच्छ आली, तेव्हा दाजींनी मला मुद्दाम पेढे पाठवले.

दुसऱ्या वर्षी लिव्हरभर गाठी निघाल्या.

मी गेले तेव्हा अक्का सोप्यात खाटेवर पडून होती. उरलेल्या डोळ्यासकट सगळं अंग पिवळं झालेलं. दाजी पायाशी बसून तिचे तळवे चोळत होते. त्यांनी जेवण सोडलं होतं. 'म्याच म्हणलो, छाटणी उरकू दे,' एवढंच येईल त्याला सांगायचे. मला त्यांची कीव येत नव्हती, रागच येत होता.

अक्कानं माझा हात गच्च धरला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दर सा म्हैन्यानं साताऱ्याला आलो असतो, तर आदी घावलं असतं का गं?"

मला ठाऊक नव्हतं. घावलं असतं तरी ती वाचली असती का, हेही ठाऊक नव्हतं. तिची नखं माझ्या हातात रुतत होती.

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "तिथंबी न्हाई."

दाजी टॉवेलात तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागले. मग अक्कानं माझा हात सोडला.