मिठाच्या गाडीला वाट

गास गावाच्या पलीकडे मिठागरांकडे जाणारा रेल्वेचा जुना फाटा माझ्या जन्माआधीच बंद पडला. आता रुळांमध्ये गुडघाभर गवत आहे आणि फाल्गुनात त्यावर पांगाऱ्याची लाल फुलं पडतात. त्या वाटेवर एक बाई मला नेहमी भेटायची. डोक्यावर काटक्यांचा भारा, अंगावर कासोटा मारलेलं लुगडं. चालायची रुळांच्या बाहेरूनच. वळणाशी आली की थांबायची आणि मला म्हणायची, "उतर रं, गाडी येते."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा! मी म्हणायचो, "मावशी, वळणापलीकडे रूळच नाहीत. चोरांनी कापून नेले."

"रूळ नेले. गाडी कोनी नेली?" असं म्हणून ती खो खो हसायची.

एका दुपारी तिचा भ्रम मोडायचाच म्हणून मी रुळांमध्ये ठाण मांडलं. तिने विनवलं, शिव्या घातल्या, दंड धरून ओढलं. मी हललो नाही. तेव्हा तिने भारा टाकला, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि वळणाकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. ती बाजूला होईना.

"माझ्यापायी मरू नका, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं. मी तिला घेऊनच खाली उतरलो.

वारा अजिबात नव्हता. तरी वळणापासून आमच्यापर्यंत आणि आमच्यापासून पुढे, रुळांमधलं गवत आडवं होत गेलं.

"गेली," ती म्हणाली. "आता भारा उचलून दे."