उतरलेली पट्टी

डेअरीत सहा दिवस दुधाची फॅट तपासायची आणि सातव्या दिवशी बास गिटार खांद्यावर मारून मंगळवार पेठेत जायचं, हे मी वीसेक वर्षं केलं. का केलं, हे धड सांगता येत नाही. दमायचो मात्र दोन्हीकडे सारखाच.

पेठेत मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. त्यामागच्या खोलीत आम्ही चौघे हौशी जमायचो. मास्तर पेटी वाजवत आणि गात, एक वायरमन ड्रम बडवायचा, एक शाळामास्तर साधी गिटार वाजवायचे आणि मी. नियम एकच, पेटीला लावायचं. मास्तर पेटीची पांढरी एक, म्हणजे त्यांच्या गाण्याचा सा, दाबून धरत आणि आम्ही तारा पिळून त्या सुराला आणायचो. बासच्या जाड तारा तेव्हा कोल्हापुरात सहजी मिळायच्या नाहीत. आवाज मेला की मी त्या काढून पातेल्यात उकळायचो, पुसून परत चढवायचो. त्या पातेल्यात बायकोनं पुन्हा कधी चहा केला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गारगोटीच्या एका लग्नात ऑर्केस्ट्राचा बासवाला आजारी पडला आणि मला बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा खरोखरचे वादक मला आपल्यात घेणार होते. मी हरखून गेलो होतो. मांडवात कीबोर्डवाल्यानं एक सूर दाबला, माझी तार ऐकली आणि म्हणाला, “पावणं, उतरलीय की तुमची.”

मी हुज्जत घातली. मास्तरांच्या पेटीला लावून आलोय, म्हणालो. त्यानं चारही तारा चढवायला लावल्या, जवळजवळ अर्धा सूर. इतक्यांदा उकळलेली बारीक तार तो ताण कुठला सोसते, तटकन तुटली. उरलेल्या तीन तारांवर मी मागच्या बाजूला कसाबसा उभा राहिलो. पुन्हा बोलावणं आलं नाही.

पुढच्या रविवारी मी संताप घेऊनच गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, मास्तर, तुमची पेटी उतरलेली आहे, तिच्यापायी माझी शोभा झाली. वायरमन खाली बघायला लागला. मास्तरांचा हात भात्यावरच राहिला.

“उतरली न्हाय, मीच आतल्या पितळी सुरांना कानस मारून उतरवून घेतलीया,” ते म्हणाले. “माझा गळा वर जाईना झालाय, आन् वाजवाया मला एकच पट्टी येती.”

बाकीच्या दोघांना हे कधीचं ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“बास तुझा हाय. सगळ्यात आधी तुलाच कळलं आसंल, असं वाटलंतं मला.”

मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही. ज्याच्या सुरावर बाकीच्यांनी उभं राहायचं, तोच बहिरा निघाला. मी खाली बसलो आणि उरलेल्या तीन तारा पेटीला उतरवल्या.

काही वर्षांनी मास्तर गेले, पेटी त्यांच्या मुलीनं नेली. आता आम्ही वायरमनच्या माडीवर जमतो. बोटांचे सांधे धरलेत, ताणलेली तार दाबली की कळ कोपरापर्यंत जाते. म्हणून मी चारही तारा अर्धा सूर सैल ठेवतो. जावंसं वाटत नाही, तरी जातो.

गेल्या खेपेला नवा गिटारवाला आला, बँकेत कामाला असलेला, गिटारीला चिमट्यासारखा, सूर दाखवणारा ट्यूनर लावलेला. दोन मिनिटं ऐकून तो हळूच म्हणाला, “काका, उतरलीय तुमची.”

“व्हय. उतरवलीया.”

त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग ट्यूनर काढून खिशात टाकला, स्वतःच्या तारा सैल करायला घेतल्या आणि विचारलं, “किती?”

मी त्याला पांढरी एक वाजवून दाखवली. मास्तरांची.