पाण्यात बुडणारे आकडे

सकाळी मी धक्क्यासमोरच्या बाकावर बसले होते. समोरचं रसदीचं जहाज परवापेक्षा हातभर खाली गेलं होतं. त्याच्या अंगावर रंगवलेले आकडे माल चढेल तसे एकेक करून पाण्यात बुडत होते. ते वाचायला मला ह्यांनी शिकवलं. हे नौदलाच्या गोदामात होते. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. "जहाज तोंडाने काही सांगत नाही," ते म्हणायचे, "पण पोट लपवता येत नाही बघ त्याला."

त्या जहाजावर आमची मुक्ता आहे. दूरच्या कुठल्याशा किनाऱ्यावर फौज उतरणार आहे. त्या फौजेला धान्य, पाणी, इंधन हे जहाज पुरवणार. पेपरात येण्याआधी लढाई बहुधा अशीच दिसत असावी, गव्हाच्या पोत्यांच्या वजनात.

काल फोनवर मी मुक्ताला विचारलं, "भाजी काय भरलीय गं?"

"आई, तूपण ना! अगदी बाबा झालीयेस. कांदे-बटाटे. खोलीभर."

"आणि पालेभाजी?"

"नाही घेतली."

पालेभाजी टिकत नाही; ती घेतली नसली की परतायची तारीख नसते, हेही ह्यांचंच.

भोंगा झाला. जहाज हललं. कधीतरी ते रिकामं होऊन परत येईल, बुडालेले आकडे पुन्हा वर दिसतील, आणि मी इथेच बसून ते वाचेन. पण हजारो पोत्यांनी खाली जाणारं हे जहाज एका माणसाच्या असण्या-नसण्याने केसभरही वरखाली होत नाही.