शकूच्या सहीसाठी लातूरपर्यंत

पुक्-पुक्-पुक्... मुखेडजवळच्या आमच्या गावी विहिरीवरचं ऑइल इंजिन सुरू झालं, की आवाज शाळेपर्यंत यायचा. आम्ही पोरं त्याच तालावर कविता पाठ करायचो. तीन घरांत एक इंजिन, पाणी पाळीनं. इंजिन कुणाचं विचारलं, की तिन्ही घरं ‘आपलं’ म्हणायची.

त्याच विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर माझी पुतणसून वंदना आणि गावातली बारा घरं मिळून स्वतःचा सौर प्रकल्प उभारणार होती. जमीन सामाईक, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. संमतीचा कागद तिनं मला दिवाळीतच दिला होता. मी नांदेडहून निघालो फाल्गुनात, पळस बघायचं निमित्त करून.

एसटीनं मुखेड दोनेक तास. पंच्याहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं विसरू नका. स्टँडवरची भजी खा. चहा फार गोड.

गावी पोचलो. कागदाच्या घड्या बघून वंदना म्हणाली, “आबा, कवितेच्या वहीत ठिवल्ता की काय?”

तिथंच होता. मी हसलो, ती हसली नाही.

“सबस्टेशनवर वीज जोडायला जागा थोडीच हाय. टेकडीवर सौर प्रकल्प लावणारी कंपनीबी तीच मागून राहिली. शनिवारपर्यंत शकूआत्याची सही आणा, न्हाईतर आपलं ऊन आपण नुसतं अंगावर घ्यायचं.”

शकू माझी धाकटी बहीण, लातूरला असते. शिरूर ताजबंदला बस बदलली. वाटेत पळस असा फुललेला, की शाळेतल्या कवितेची तीन कडवी आठवली. चौथं काही केल्या आठवेना.

शकूनं पिठलं-भाकरी वाढली. सहीचं काढताच म्हणाली, “इंजिन विकलंत तेव्हा विचारलंस का, दादा? आता सही पाहिजे तर बहीण आठवली!”

कागद पिशवीत ठेवला, नांदेडला परतलो.

शनिवार गेला. सोमवारी वंदनाचा फोन आला, “जागा कंपनीला गेली, आबा.” रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रस्त्यानं गेलात तर पळस जरूर बघा. पण सामाईक जमिनीचं काम असेल, तर पळसाची वाट बघत बसू नका.

एवढं लिहिलं आणि कडी वाजली. दारात शकू. एकटी, घामाघूम, लातूरहून आलेली.

“असा काय बघून राहिलास? कागद आण, दादा. ते इंजिन माझंबी होतं की.”

पेन तिनं हातातच धरला होता.