पाय सीनियर, तोंड ज्युनियर

कुवेतमध्ये दोन गोष्टी कितीही झाडा, पुन्हा साठतातच. एक धूळ, आणि दुसरे आमच्या शुक्रवारच्या मैदानावरचे किस्से! धूळ मी रोज पुसते. किस्से मात्र पोटात ठेवून ठेवून आता जेवायला जागा उरली नाही. म्हणून थोडे इथे काढते. मी सातवी शिकलेली बाई, कुठे चुकलं तर हसा, पण पुढे वाचा.

मुळात आम्ही रत्नागिरीकडची माणसं, आमचा आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संबंध काय? माझे मिस्टर इथल्या राई भागात एका गॅरेजमध्ये फोरमन. तिथे डॅरन नावाचा ऑस्ट्रेलियन साहेब गाडी घेऊन आला. गाडीत एक लाल, अंड्यासारखा बॉल. आमचा मुलगा अयान सुट्टीचा गॅरेजवर बसलेला. त्याने तो बॉल सहज म्हणून लाथाडला, तर गेला थेट भिंतीवरून पलीकडच्या शोरूमच्या आवारात! हे धावले माफी मागायला. साहेब म्हणाला, "सॉरी राहू दे. हा पाय कोणाचा?"

तेव्हापासून डॅरन अयानचा कोच, आणि माझ्या झोपेचा दुश्मन.

*

या खेळात दोन्हीकडे चार-चार खांब. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. उंच खांबांच्या मधून बॉल गेला तर सहा पॉइंट.

"मग हे बुटके कशाला?" यांचे चुलतभाऊ रफिकभाई पहिल्याच दिवशी विचारू लागले. रफिकभाईंचा शर्कच्या मासळीबाजारात धंदा. फुकटात एक खांबही जास्त लागलेला त्यांना खपत नाही.

डॅरनने समजावलं, नेम थोडा चुकला आणि बॉल उंच आणि बुटक्या खांबाच्या मधून गेला, तर एक पॉइंट.

रफिकभाई उठून उभेच राहिले. "चुकल्यावरसुद्धा एक? आमच्या शाळेत ही पद्धत असती तर मी आज इंजिनीयर असतो!"

*

खेळ बघितला आणि मी डोक्याला हात लावला. आपल्याकडे माडावर चढतात तशी ही माणसं एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन बॉल पकडायला चढतात! आणि माणसं तरी कशी? एकेक कपाट!

मी पिशवी भरली. कापूस, पट्ट्या, हळद, ग्लुकोज, आयोडेक्स, सुईदोरा.

"मम्मी, सुईदोरा व्हाय?" अयान म्हणाला. हा घरात इंग्रजीच बोलतो.

"जर्सी फाटली तर."

तो गेल्यावर हे हळूच म्हणाले, "खरं सांग, पोरगं फाटलं तर म्हणूनच घेतलायस ना?"

*

अयान आता सोळाचा. ज्युनियर टीममध्ये सगळ्यात पुढे, गोल मारायच्या जागेवर खेळतो. त्याला फॉरवर्ड म्हणतात. यंदा दुबईहून टीम येणार होती, आणि आमच्या सीनियर टीममध्ये फॉरवर्डची एक जागा रिकामी होती. का रिकामी? त्या जागेवरच्या आयरिश माणसाचं खांद्याचं हाड माझ्या चहाच्या थर्मासपासून चार हातांवर मोडलं होतं! आवाज मी या कानांनी ऐकलाय. आता तिथे माझं एकुलतं एक?

चटईवर चहा ओतला की वाद सुरू.

"अजून बांगडा आहे," रफिकभाई म्हणायचे. "सुरमई व्हायला दोन वर्षं तरी लागतील."

सावंतकाका भडकायचे. सावंतकाका कुडाळकडचे सुतार, कॉन्ट्रॅक्टवर आलेले. बायकामुलं गावी, म्हणून शुक्रवार आमच्यात काढतात. मैदानाचे खांब त्यांनीच उभे केलेत. "मासळी पाण्यात वाढते रफिकभाई, बर्फात ठेवून नाही! उतरवा पोराला!"

डॅरन दोन बिस्किटं चहात बुडवून निकाल द्यायचा, "पाय सीनियर आहे. तोंड ज्युनियर."

खोटं नव्हतं ते. अयान प्रत्येक निर्णयावर भांडायचा. एकदा तर तो अंपायरशी इतका वेळ भांडत बसला की तेवढ्यात समोरच्यांनी गोल करून टाकला! वर अंपायरलाच विचारतो, "व्हेन?"

*

मी मनात एकच दुआ करत होते, त्याला निवडू नका. पण एका शुक्रवारी रफिकभाई बोलून गेले, "त्याची लायकीच नाही अजून."

माझा थर्मास हवेतच थांबला. "भाईजान, गेल्या मॅचला पाच गोल कोणी मारले? तुमच्या सुरमईने?"

हे म्हणाले, "अगं, तुला त्याला सीनियरमध्ये पाठवायचंय की नाही?"

"नाही पाठवायचं! पण लायक नाही असं कोणी म्हणायचं नाही!"

यांनी डॅरनकडे बघितलं. "आता हे त्याला इंग्रजीत कोण सांगणार?"

*

अयान पडला तर लवकर पोचता यावं म्हणून मी नेहमी गोलच्या खांबांमागेच उभी राहायची. डॅरन म्हणाला, "उभीच आहेस तर कोट घाल." आणि मला गोल अंपायर करून टाकलं! पांढरा कोट, हातात दोन झेंडे. गोल झाला तर दोन्ही हलवायचे. बॉल कडेने गेला किंवा खांबाला नुसता चाटून गेला, तरी गोल नाही, एकच झेंडा.

पहिल्याच दिवशी समोरच्या टीमचा एक माणूस पांढरा कोट बघून लंगडत माझ्याकडे आला. डॉक्टर समजला. मी गुडघ्याला हळद लावून पाठवला. पुढच्या शुक्रवारी तो दुसरा गुडघा घेऊन आला!

पण कामात मी कडक. एकदा खुद्द डॅरनचा बॉल खांबाला लागला. मी एकच झेंडा हलवला. तो लालभडक होऊन आला. मी म्हटलं, "टच." क्षणभर थांबला, मग टोपी काढून म्हणाला, "अंपायर म्हणेल तेच खरं." त्या दिवसापासून माझ्या झेंड्यावर कोणी शंका घेतली नाही.

*

मग तो निवडीचा शुक्रवार. सावंतकाकांनी पहाटेच येऊन खांबांना पांढरा ऑइलपेंट मारला होता, दुबईवाले येणार म्हणून. "कोणी हात लावू नका रे, ओला आहे!" ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. ब्रश आणि डबा माझ्या शेजारीच ठेवलेला.

प्रॅक्टिस मॅच. दोन्ही बाजू बरोबरीत. शेवटची किक अयानची. डॅरनने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ही बसली तर तू सीनियर."

अयान धावत आला. किक मारली. बॉल माझ्या डोक्यावरून मागे गेला. मला त्या आयरिश माणसाच्या हाडाचा आवाज आला.

मी एकच झेंडा हलवला.

"खांबाला लागला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

अयानने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड मिटलं, मान हलवली आणि गुपचूप वळून आपल्या जागेवर गेला. एक शब्द नाही!

डॅरन टाळ्या वाजवत धावत आला. "याचीच तर वाट बघत होतो! अंपायर म्हणेल तेच खरं! तोंडसुद्धा सीनियर झालं! घेतला!"

रफिकभाईंनी आरोळी ठोकली, "सुरमई!" यांनी अयानला उचललं. मी झेंडे घट्ट धरून तशीच उभी.

नवीन सीनियरला त्याच्या शेवटच्या किकचा बॉल सगळ्यांच्या सह्या करून द्यायची या टीमची पद्धत आहे. डॅरन लांबूनच ओरडला, "बॉल आणा!"

बॉल माझ्या मागे वाळूत पडला होता. सावंतकाकांनी तो उचलला. बाहीने वाळू झटकली. इकडून बघितला, तिकडून बघितला. सगळीकडून लालच लाल. मग त्यांनी ओल्या खांबांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"आणा ना बॉल!" सगळे आमच्याकडे यायला लागले.

सावंतकाका डब्याशी वाकले, ब्रश बुडवला, आणि बॉलवर एक बारीक पांढरी रेघ ओढली.

"बाय," ते हळूच म्हणाले, "आता लागला."