शेजारच्या पुस्तकांची बाजू

मोड आलेली मटकी मी फडक्यातून परातीत काढत होते, गॅसवर दूध होते आणि बेल वाजली. हात ओले, म्हणून कोपराने कडी सरकवली. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ. नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, मी भास्कर इंगळे. प्रभाकररावांशी भांडायला आलो. आहेत ना घरी?"

"आहेत," मी म्हणाले. "चहा भांडणाआधी घेणार की नंतर?"

"मधे द्या. दम घ्यायला बरं पडते."

आतून माझे यजमान ओरडले, "अगं, आत घे त्यांना. दारात भांडलो तर सोसायटीला फुकट ऐकायला मिळेल!"

त्या गडबडीत दूध उतू गेले. श्री. भास्करराव इंगळे यांची आणि माझी पहिली ओळख ती अशी. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी म्हणाले की मला संगणकातले कळत नाही आणि शाळाही सातवीपर्यंतच झाली आहे. ते म्हणाले, "भांडणं तर ऐकलीत?" ती मात्र पुष्कळ ऐकली.

भांडणे 'फडताळ'वरून होत. लहान ग्रंथालयांसाठी या दोघांनी बनवलेली ही संगणकप्रणाली. कोणीही ती फुकट घ्यावी, आत कशी चालते ते उघडून पाहावे, चुकले असेल तिथे सुधारावे, अशी ती मुक्त ठेवलेली. गावोगावची मंडळी बदल सुचवत. त्यांतला कोणता मूळ प्रतीत घ्यायचा हे दोघांनी ठरवायचे, आणि दोघांचे जमले नाही तर आहे ते तसेच ठेवायचे, असा नियम होता. माझ्या घरी चहापत्ती इतकी का लागे, याचे कारण तो नियम.

सर्वांत जुने भांडण 'शेजारची पुस्तके' या सोयीचे. आपण एखादे पुस्तक शोधले की कपाटात त्याच्या डावी-उजवीकडे कोणती पुस्तके आहेत तेही पडद्यावर दिसे. ती ह्यांनी केली होती. लग्नानंतर हे मला ग्रंथालयात घेऊन जात. काय वाचायचे ते मला ठाऊक नसे आणि विचारायची लाज वाटे. हे एखादे पुस्तक काढत, मी त्याच्या शेजारचे घेई. माझे वाचन तसे सुरू झाले. ही सोय कोणासाठी केली हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, पण मला कळले होते.

भास्कररावांचा या सोयीला पहिल्यापासून विरोध. ते अकोल्याकडचे, नोकरीसाठी पुण्यात आलेले आणि इथेच राहिलेले. ते म्हणत, "प्रभाकरराव, पुस्तकं जागा बदलतात. दर वेळी ते संगणकात भरत कोण बसेल?" हे म्हणत, "इंगळे, तुम्ही कपाटं लावणाऱ्याच्या बाजूनं बोलता, मी वाचणाऱ्याच्या." वर्षानुवर्षे दोघांपैकी कोणी हटले नाही, आणि भांडण संपल्यावर न जेवता भास्करराव कधी गेलेही नाहीत.

हे गेले त्याला आता तीन वर्षे होतील. आम्ही दोघे मिळून जात असू, म्हणून त्यानंतर मी ग्रंथालयात पाऊल टाकले नाही. भास्कररावांनी त्याबद्दल मला कधी उपदेश केला नाही. एक दिवस फोन करून एवढेच म्हणाले, "वहिनी, मी ग्रंथालयावरूनच येतो. काय आणू?" तेव्हापासून मी ह्यांच्या संगणकावर शेजारची पुस्तके पाहून निवडायची आणि त्यांनी पिशवीतून आणून द्यायची, असे चालू झाले. जी सोय काढून टाकावी म्हणून ते इतकी वर्षे भांडले, तिच्यातूनच मी निवडत होते, हे त्यांना ठाऊक होते. एकदा ते नेहमीपेक्षा उशिरा आले. "तुमच्या संगणकात जे शेजारी आहे, ते कपाटात बिऱ्हाड बदलून वरच्या मजल्यावर राहायला गेलं," म्हणाले. गुडघे दुखत असताना ते ग्रंथालयाचा जिना चढून आले होते.

पुढे धायरीची रोहिणी आली. ती आयटी कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात 'फडताळ'चे काम पाहते. माझ्यासमोरच ती म्हणाली, "काका, ते फीचर सरळ काढून टाका ना. आता सगळे राइट्स तुमच्याकडेच आहेत. ऑब्जेक्शन कोण घेणार?"

भास्कररावांनी कप खाली ठेवला. "जो घेत होता तो नाही, हीच तर पंचाईत आहे. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याशी जिंकून मी काय करू?"

नंतर त्यांनी आधी स्वतःचा एकट्याचा अधिकार सोडला. काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून पाच जण निवडले आणि यापुढे निर्णय त्यांनी घ्यायचा असे ठरले. भास्कररावही त्या पाचांतले एक. मगच हा विषय सभेपुढे आला. मला निरोप आला, "वहिनी, या. प्रभाकररावांच्या घरच्या म्हणून नको. वापरणाऱ्या म्हणून या."

सरळ सांगते, ती सोय जाऊ नये असे मला वाटत होते. ह्यांच्या हातचे, अजून चालते असे, घरात तेवढेच उरले होते.

सभा सदाशिव पेठेत होती. ह्यांच्या बाजूने बोलायला भास्करराव स्वतः उभे राहिले. "ज्याला पुस्तकाचं नाव ठाऊक आहे त्याला शोध पुरतो. ज्याला नावच ठाऊक नाही त्यानं काय करायचं? त्याला हवं ते शेजारी दिसतं." ह्यांचा एकेक मुद्दा त्यांनी मांडला, काही तर ह्यांच्याहून चांगला. कोणीतरी म्हणाले, "इंगळे सर, इतकी वर्षं तुम्हीच उलट सांगत होतात!"

"आजही माझं मत तेच आहे. पण ते रोहिणीकडून ऐका. मी आज प्रभाकररावांच्या कामात आहे."

रोहिणीने एका गावातल्या ग्रंथालयाची हकिगत सांगितली. तिथे एकच बाई सगळे पाहतात. वाळवीमुळे कपाटे हलवावी लागली की प्रत्येक पुस्तकाची जागा पुन्हा भरायची. कंटाळून त्यांनी 'फडताळ'च सोडले. मग सभेने मला माझे मत विचारले. मी म्हणाले, "मी रोज वापरते आणि मला हवी आहे. पण माझ्यासाठी त्या बाईंनी सगळं पुन्हा भरत बसावं, असं माझ्यानं म्हणवत नाही."

चार हात वर गेले. सोय काढायची ठरली. भास्कररावांनी हात वर केला नाही. ज्याची बाजू घेतली त्याच्या विरुद्ध मत देणार नाही, म्हणाले.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "तुमच्या संगणकातली प्रत तशीच राहील. मुक्त आहे ती, कोणी काढून घेऊ शकत नाही."

मी विचारले, "ह्यांनी ते माझ्यासाठी केलं होतं. ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग सभेत बोलला का नाहीत? सगळे गप्प झाले असते."

"म्हणूनच नाही बोललो. इतकं भांडले प्रभाकरराव, पण ते त्यांनी एकदाही मधे आणलं नाही. मग मी कसं आणू?"



भास्कररावांची प्रकृती उत्तम राहो, गुडघे त्यांचे ऐकोत आणि तोडीस तोड भांडणारे माणूस त्यांना कायम मिळो. माझ्यामागे माझी बाजू मांडायची वेळ आलीच, तर ती त्यांनीच मांडावी, इतके त्यांनी जगावे.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी मी मटकी भिजत घातली, पिशवी घेतली आणि चालत ग्रंथालयात गेले. जे पुस्तक हवे होते ते कपाटात सापडले. मी त्याच्या शेजारचे घेऊन आले.