नवऱ्याची जीप आणि मुलाचं गॅरेज

रविवारी सकाळी आमच्याकडे माणसं गॅरेज पाहायला येतात. घर पाहायला नाही, म्हातारीला भेटायला तर नाहीच. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. मुलानं घराला लागून मोठी खोली बांधली, शटर लावलं आणि माझ्या स्वयंपाकघरात नाही इतका उजेड तिच्यात केला. भिंतीवर पाने टांगले आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराचं काळं चित्र रंगवलेलं आहे, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते लगेच कळावं. फरशी इतकी गुळगुळीत की माझा पाय घसरतो. चपला बाहेर काढाव्या लागतात. आलेली माणसं मोजे घालून आत फिरतात आणि देवळात बोलावं तसं हळू बोलतात. मी चहा करते.

मी हिवरखेडला चौथीपर्यंत शिकले. आईला गाड्यांतलं काही कळत नाही, असं मुलगा पाहुण्यांना सांगतो. खरं आहे ते. पण एका गाडीतलं मला कळत होतं. ती माझ्या नवऱ्याची जीप.

तिच्यावर त्यांनी दर्यापूर-अमरावती सवाऱ्या वाहिल्या. ज्यांनी अशा जीपमधून प्रवास केला त्यांना सांगायला नको, पण आता मोटारी घरोघरी झाल्या म्हणून सांगते. सवाऱ्या पूर्ण भरल्याशिवाय जीप हलत नसे. मागे माणसं, कांद्याची पोती, कोंबड्या, एखादी बकरी. पुढे ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला तीन माणसं आणि उजव्या बाजूलाही एक. म्हणजे ड्रायव्हर स्टेअरिंगसमोर नाही, त्याच्या जरा डावीकडे सरकून बसायचा आणि दाराकडच्या सवारीचं अर्धं अंग बाहेर असायचं. माझ्या नवऱ्यानं जन्मभर गाडी अशी तिरकी बसून चालवली. त्यानं त्यांची कंबर वाकडी झाली आणि मुलाचं शिक्षण झालं. मुलगा आता कॉलेजात शिकवतो.

धंदा बंद झाल्यावर जीप अंगणात लिंबाखाली उभी राहिली. बॅटरी काढलेली, टायर बसलेले, हुडाची ताडपत्री फाटलेली. विकायचं म्हटलं की नवरा ऐकू न आल्यासारखं करायचा.

मग ते विसरू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार, औषधानं थोडं हळू होईल, इतकंच. आधी नातवंडांची नावं गेली. मग सून कोण ते गेलं. ते तिला "बाई, तुमी कोनाकडे आल्या?" विचारायचे आणि ती आत जाऊन रडायची. मीही अधूनमधून त्यांच्या आठवणीतून जाऊ लागले. जीप गेली नाही. सकाळी आंघोळ झाली की ते शर्ट घालून बाहेर जायचे, जीपमध्ये चढायचे आणि डावीकडे सरकून बसायचे. उजवीकडे एका माणसाची जागा सोडलेली. मग लिंबाकडे पाहून हाळी द्यायचे, "दर्यापूर, दर्यापूर, चला दर्यापूर!"

मी चहा घेऊन जायची.

"किती झाल्या सवाऱ्या?" मी विचारायची.

"नाई भरली अजून. तुमाले कोठी जायचं आहे?"

"मले नाई जायचं कोठी. चहा घ्या."

"घ्या बसून. बाया मांगच्या सीटवर."

ऊन चढलं की स्वतःच उतरायचे. "आज धंदा नाई," म्हणून जेवायला बसायचे, जेवून झोपायचे. माझा दिवस त्यावर चालत होता. त्या वेळात माझा स्वयंपाक व्हायचा, कपडे व्हायचे, पाठ टेकायची. जो माणूस घरात बसला की चादरी फाडायचा, दार उघडं दिसलं की बाहेर पडायचा, तो त्या मोडक्या जीपमध्ये शांत बसायचा. डॉक्टरांच्या गोळीनं जे झालं नाही ते त्या सीटनं केलं होतं. रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या वर आलेला, डिझेलचा, घामाचा आणि बकऱ्यांचा वास.

मुलाला गाड्यांचं वेड कसं लागत गेलं ते मी पाहत होते, पण घरातलं माणूस दारू पीत नाही यातच मी समाधान मानलं. मोबाइलवर अशा गाडीवेड्यांचा गट आहे. कोणी अकोल्याचा, कोणी इथला, कोणी बडनेऱ्यात रेल्वेत नोकरीला. एकमेकांची गॅरेजं पाहायला जातात, व्हिडिओ काढतात. अकोल्याचा एक वकील आहे. त्याच्याकडे मुलगा आम्हा दोघांनाही एकदा घेऊन गेला होता. त्यानं आपली गाडी उभी करायला घरातली सगळ्यात थंड खोली दिली आहे. अकोल्याच्या उन्हाळ्यात गाडीला कूलर. त्याची बायको मला म्हणाली, "काकू, मले कुरड्या वाळवाले गच्चीवर जागा नाई, तथी आमच्या वकीलसाहेबाचे टायर आहेत." आम्ही दोघी हसलो. मुलगा मात्र त्या गॅरेजच्या दारात कितीतरी वेळ उभा होता.

येताना गाडीत म्हणाला, "आई, बाबांची जीप मी नवी करतो."

"काहून?"

"काहून म्हणजे? बाबांनी आपल्याला त्या गाडीवर मोठं केलं. ती लिंबाखाली सडून राहिली आणि मी पाहत बसू?"

"सडू दे. तेही सडून राहिले, मीही सडून राहिली. त्यायले जीप अशीच पायजे."

"तुला नाही समजत आई. त्यांच्यासाठीच करतो आहे मी. नव्या गाडीत बसले की किती खूश होतील पाहशील."

मी सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. सून माझ्या बाजूनं बोलली तर तिला म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून माझा एकच शौक आहे तोही मारा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तिथंच मोठी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. हा बापासाठी करत होता, पोटातून करत होता, आणि त्याच्यापुढे मी काय बोलणार? मी चौथी शिकलेली, गाडीतलं न कळणारी.

एक दिवस क्रेन आली आणि जीप उचलून अकोल्याला मिस्तरीकडे घेऊन गेली. नवरा फाटकाशी उभा होता. मी म्हटलं, "कामाले नेली. इंजनाचं काम निघालं."

ते त्यांना लगेच पटलं. ड्रायव्हर माणूस, गाडी कामाला जाते हे त्यांच्या हाडात होतं. रोज विचारायचे, "आली का?" मी म्हणायची, "पार्ट नाई भेटला." "मिस्तरी लबाड आहे," असं म्हणून लिंबाखाली उकिडवे बसायचे. जीपशिवायही तिथंच बसायचे. असे कितीतरी महिने मी त्यांना त्या एका खोट्यावर धरून ठेवलं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणून मला आशा होती. मला वाटलं, आली की बसतील. रंग बदलला तर बदलला, बसले म्हणजे झालं.

तिकडे अकोल्यात काय चाललं होतं ते मुलगा मला मोबाइलवर दाखवायचा. मी एकदाच विचारलं, "सीट कोठी आहे जुनी?"

"ती? फेकली की. उंदरांनी घर केलं होतं तिच्यात."

मी फोन त्याच्या हातात परत दिला.

जीप आली तो रविवार होता. सगळा गट आला. अकोल्याचा वकील आला, बडनेऱ्याचा रेल्वेवाला आला, कोणी बायकापोरं घेऊन आले. शटर बंद होतं, आत जीप. सुनेनं ओवाळायचं ताट केलं होतं. मुलानं बापाला नवीन पांढरा शर्ट घातला आणि खांद्याला धरून आणलं. एकानं व्हिडिओ सुरू केला. शटर वर गेलं.

मी खोटं बोलणार नाही, जीप सुंदर दिसत होती. मिलिटरीसारखा हिरवा रंग, जो तिला कधीच नव्हता. टायर इतके मोठे की दाराचा कठडा माझ्या छातीशी आला. पुढे दोन सीटा, एकेकट्या, काळ्या, दोन्ही बाजूंना उंच कडा असलेल्या. पाळण्यात पोर बसवावं तसा माणूस त्यात अडकून बसतो. दोन सीटांच्या मध्ये डबा. ड्रायव्हरला चिकटून कोणी बसूच शकत नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानंही वाजवल्या.

"बाबा, चढा," मुलगा म्हणाला. त्यानं पायाखाली लाकडी स्टूल ठेवलं.

नवरा जवळ गेला. बोनेटवर हात फिरवला. सीटकडे पाहिलं, पुष्कळ पाहिलं. मग मुलाकडे वळून, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलला, "लय भारी गाडी आहे, साहेब. कितीची पडली?"

"बाबा, ही तुमचीच आहे."

"कायले गरिबाची मजाक करता? हिच्यात सवारी कोठी बसन?" आणि सगळ्यांकडे पाहून हसला. सगळे हसले. मग म्हणाला, "माही कोठी लावली तुमी?"

मुलानं नंबर दाखवला. नंबर तोच होता. नवऱ्यानं मान हलवली. मुलानं बोनेट उघडलं, हे तुमचंच इंजिन, म्हणाला. नवरा हात जोडून म्हणाला, "साहेब, मले उशीर होऊन राहिला. गाडी द्या माही."

व्हिडिओ काढणाऱ्यानं फोन खाली केला. चांगली माणसं होती सगळी, कोणाला काय करावं कळेना. रेल्वेवाला पुढे झाला. त्यानं आपल्या मोबाइलवर जीपचे फोटो उघडले. "काकाजी, अशी होती का तुमची?"

"नाई."

"ही?"

"नाई, बाप्पा."

दुसऱ्यानं आपला फोन आणला, तिसऱ्यानं आणला. सगळ्यांकडे जीपचे फोटो होते, त्यांचा तोच नाद. लाल, पिवळ्या, काळ्या, डोंगरावर चढलेल्या. म्हातारा मध्ये उभा आणि भोवती इतकी माणसं एकेक फोटो पुढे करतात आणि तो प्रत्येक फोटो नीट पाहतो आणि नाही म्हणतो. मेलेल्याची ओळख पटवायला नेल्यासारखं झालं ते. मी पुढे होऊन त्यांना हाताला धरून आत नेलं. ओवाळायचं ताट तसंच राहिलं.

दुपारी सगळे जेवले, कमी बोलले. जाताना वकील मुलाला बाजूला घेऊन सांगत होता, "नाराज नको होऊ बे. जुनं दिसायचं कामही करून देतात आजकाल. गंज, पोपडे, सगळं रंगानंच. खऱ्यासारखं. सीटही तशी बनवून घेऊ." मुलानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते.

"करू का आई? खरंच होते तसं."

"बकऱ्याचा वास कोठून आनशीन?" मी म्हटलं. हे मी टोचायला म्हटलं नाही. मला खरंच विचारायचं होतं. नंतर त्यानं भंगारवाल्यांकडे सीट शोधली, रविवारी अकोल्यापर्यंत फिरला. एक सीट आणलीही, कोण्या दुसऱ्या जीपची. अंगणात लिंबाखाली विटांवर ठेवली. नवरा तिच्याकडे वळून पाहिना.

जीप आली त्या रविवारपासून माझं ते एक वाक्यही गेलं. गाडी कामाला नेली असं आता त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांनी गॅरेज पाहिलं आणि तिथं ती नव्हती. आता त्यांच्या हिशेबात ती चोरीला गेली. आणि चोरीला गेलेली गाडी घरात बसून सापडत नाही. सकाळी शर्ट घालून निघतात. फाटकाला साखळी लावली तर फाटक हलवतात, रडतात, हात सोलून घेतात. मुलानं मनगटावर बांधायचा पट्टा आणला, माणूस कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं म्हणे. तो त्यांनी मोरीत टाकला.

म्हणून मी त्यांच्यासोबत जाते. मुलगा कॉलेजात असतो, सून नोकरीवर. ते पुढे चालतात, मी मागे. त्यांचे पाय माझ्यापेक्षा मजबूत आहेत. बडनेरा रस्त्यावर ते उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबतात, काचेला कपाळ लावून आत पाहतात. लोक ओरडतात. मी सांगते, त्रास नाही देत ते, त्यांची गाडी शोधतात. मग लोक नरम होतात. एखादा चांगल्या मनाचा विचारतो, "कोणती गाडी होती, आजी?" मी म्हणते, जीप. तो विचारतो, "पोलिसात दिली का रपट?" मी म्हणते, दिली. दुसरं काय सांगणार? तोवर ते पुढच्या गाडीपाशी गेलेले असतात.